बावीसशे पन्नास चित्रं

"झालं काय गं घर?" जिन्यावरूनच आप्पांनी विचारलं.

मी स्क्रीनवरून मान न हलवता म्हटलं, "घर झालंय. फिल्म व्हायचीय."

"म्हणजे भिंती उभ्या हाईत, पण आत जायची परवानगी न्हाई."

"तसंच समजा."

जमीरनं उठून त्यांना खुर्ची दिली. गुरुवार होता, साडेबाराचा सुमार. मिरजेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता, माझा आणि जमीर मुल्लाचा भागीदारीतला. बिल्डर आम्हाला न बांधलेल्या फ्लॅटचे नकाशे देत आणि त्यातून माणूस चालत गेल्यासारखी दीड मिनिटाची फिल्म आम्ही करून देत असू. गिऱ्हाइकं ती बघून फ्लॅट घेत. त्या दिवशी मात्र माझ्यापुढं कुणा बिल्डरचं काम नव्हतं. घर आप्पांचं होतं, माझ्या वडिलांचं.

आप्पा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी कालवे, दरवाजे आणि मोऱ्या काढल्या. स्वतःसाठी म्हणून एकदाच एक घर काढलं, गावाबाहेरच्या आमच्या वाटणीच्या तुकड्यावर बांधायचं म्हणून. ते बांधलं गेलं नाही. तो तुकडा पुढं चुलतभावांकडे गेला, तिथं आता द्राक्षबाग आहे. नकाशा गुंडाळी होऊन कपाटावर पडला.

आदल्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजत चाललाय. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर आप्पांनी चप्पलही काढली नाही. स्टूल ओढलं, गुंडाळी काढली, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "लोकांची घरं उभी करतीस. हे एक कर. दिसतंय तंवर आत जाऊन येतो."

सहा महिने मी रविवार घातले त्यात. नकाशावरून भिंती उचलल्या, दारं बसवली, फरशी घातली, उजेड सोडला. आता एकच ठरवायचं उरलं होतं, संगणकानं फिल्मची चित्रं किती बारकाईनं रंगवायची.

"किती लावताय?" जमीरनं माझ्या खांद्यावरून बघत विचारलं.

"पूर्ण."

"पूर्ण म्हणजे एका चित्राला बारा मिनिटं. सेकंदाला पंचवीस, दीड मिनिटाची बावीसशे पन्नास चित्रं." त्यानं हिशेब बोटांवर केला नाही, त्याला पाठ होता. "तिन्ही मशीन लावली तरी सहा दिवस, मॅडम."

"माहीत आहे."

"काय सहा दिवस?" आप्पांनी विचारलं.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आजची मशीन तेवढं काम दुपारभरात करतात, आणि काय एवढं ठरवायचं होतं हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. पण तेव्हा ते ठरवावं लागे. संगणक खोलीत उजेडाचे किरण सोडतो, ते भिंतींवर आपटत कुठं पोचतात ते मोजतो आणि त्यावरून प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवतो. किरण कमी सोडले तर काम लवकर होतं, पण अंधाऱ्या कोपऱ्यांत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. किरण जास्त सोडले तर खोली खरी वाटते, फक्त वाट बघावी लागते. हे मी आप्पांना सांगितलं.

"मग रवा असू दे की," आप्पा म्हणाले.

"एका चित्रात चालतं, आप्पा. फिल्ममध्ये प्रत्येक चित्रात दाणे वेगळ्या जागी पडतात. भिंतीवरून मुंग्या चालल्यासारखं दिसतं."

"मुंग्या काय आपल्या घरात न्हाईत?"

जमीर हसला. "काका बरोबर बोलतात. मॅडम, ऐका. आज हलकं लावू. चाळीस सेकंदाला एक चित्र. आत्ता लावलं तर रात्रीपर्यंत होतंय. उद्या सकाळी काका येतील, चहा पिता पिता घर बघतील. मग तुमचं पूर्ण लावा आणि बसा सहा दिवस."

"दाणे पुसायची सोय आहे ना तुमच्यात?" आप्पांनी विचारलं. त्यांनी तेही कुठूनतरी ऐकून ठेवलं होतं.

"आहे. पण ती लाकडाच्या रेषाही पुसते. तुम्ही दार सागवानी म्हणून लिहिलंय. प्लास्टिकचं दिसेल."

"दिसू दे."

"आणि तुम्हीच सांगायचात ना, शाई वाळल्याशिवाय कागद टेबलावरून हलवायचा नाही? साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले तरी नाही?"

ते आमच्या घरातलं शास्त्रवचन होतं. एकदा मुख्य अभियंता स्वतः आले आणि आप्पांनी अर्धा नकाशा वहीखाली झाकला, ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती.

"ते साहेबाला," ते म्हणाले. "मी काय साहेब हाय?"

"तुम्ही साहेबांपेक्षा वाईट आहात. रेघ इकडची तिकडं झाली तर आठवडाभर बोलून दाखवाल."

"आता न्हाई बोलणार."

"पुढच्या बुधवारी संध्याकाळी. नक्की. आपण इथंच बसून बघू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं, जरा मान कलती करून. मला वाटलं, रुसलेत.

"बरं," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. एक वाजून दोन मिनिटं झाली होती. पहिल्या चित्राचा चौकोन वरच्या कोपऱ्यातून हळूहळू भरू लागला. आप्पा थोडा वेळ त्या दिशेला तोंड करून बसले आणि मग उठले. जमीर त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि आपल्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. पेपर खाली पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, "आप्पा, उचलू का?" उत्तर आलं नाही. तव्यावरची भाकरी उलटून मी बाहेर गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, कळलंही नसेल. तेव्हा दोनशे पंच्याऐंशी चित्रं झाली होती. हे मी नंतर मशीनमधली नोंद बघून काढलं. का काढलं ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी नदीवर रक्षाविसर्जनाला जमीर आला होता. सगळे पांगल्यावर तो घाटाच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मशीन चालूच आहेत," तो म्हणाला. "बंद करू?"

"कितीवर आलंय?"

"हजार झालीत."

"चालू दे."

"बिल्डरचं काम थांबलंय, ते नाही म्हणत मी. मी फक्त तुम्हाला..."

"चालू दे, जमीर."

बुधवारी संध्याकाळी फिल्म पूर्ण झाली. त्यानं मला तसा निरोप पाठवला. मी स्टुडिओत गेले ते पंधरा दिवसांनी, आणि गेल्यावरही ती उघडली नाही. तो मला उघडा म्हणाला नाही. बिल्डरची कामं साचली होती, ती करत राहिलो.

घरात आम्ही दोघंच असायचो. आई मी बारा वर्षांची असताना गेली. माझं लग्न झालं होतं, ते चार वर्षांत संपलं आणि मी आप्पांकडे परत आले. आम्ही एकमेकांशी फार बोलत नसू. तशी गरज पडत नसे. आता मी एकटीच होते, तरी घर पूर्वीपेक्षा फार शांत झालंय असं वाटत नव्हतं. ते मला जास्त लागलं. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसायची, पानं उलटायची, आणि तासाभरानं लक्षात यायचं की कोण कुठं गेलं, काय झालं, यातलं काहीच डोक्यात राहिलेलं नाही.

दोन महिन्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला.

"मगदूमकाकांची तारीख दोनदा चुकली. सोमवारी आणाल का?"

"ते गेले," मी म्हटलं. "जूनमध्ये."

पलीकडची बाई म्हणाली, "मी तेरदाळे. काकांचे डोळे मीच तपासायची. त्यांचे कागद आहेत माझ्याकडं. फाडून टाकवत नाहीत. तुम्ही न्याल का?"

मी दुपारी गेले. तेरदाळेबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. आत तळहाताएवढे आठ-दहा कागद होते. प्रत्येकावर बारीक चौकटींची जाळी छापलेली आणि मधोमध एक काळा ठिपका.

"एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडं बघायचं," त्या म्हणाल्या. "रेघा वाकड्या दिसतात तिथं खूण करायची. पेशंट लोक काहीतरी गिरबटून आणतात. तुमच्या वडिलांचं बघा."

मी बघितलं. पहिल्या कागदावर ठिपक्याच्या डाव्या बाजूला तीन रेघा किंचित आत वाकलेल्या, अगदी हलक्या पेन्सिलीनं. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख, डोळा कुठला, अंतर किती, सगळं त्यांच्या नकाशावरच्या उभ्या अक्षरात. दुसऱ्या कागदावर वाकलेल्या रेघा वाढल्या होत्या. चौथ्यावर ठिपका नव्हता. त्या जागी त्यांनी शिसानं एक करडा डाग भरला होता, कडांनी फुगत गेलेला. शेवटच्या कागदावर सबंध जाळी करड्या रंगानं झाकली होती. फक्त चारी बाजूंना बोटभर कड सोडली होती.

तारीख एप्रिलची होती.

"दोन्ही डोळे?" मी विचारलं.

"दुसरा आणखी आधी गेला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ते पेपर वाचायचे."

"पेपर नाही हो वाचता येत यात. माणसाचं तोंड दिसत नाही समोर. कडेनं दिसतं, मान वाकडी केली तर. कुणी हललं की कळतं. तुम्हाला आणू नका म्हटलं होतं त्यांनी. 'लेक कामात आहे' म्हणायचे."

तिथून मी सरळ स्टुडिओत गेले. जमीर स्क्रीनवर कुणाच्यातरी स्वयंपाकघराला रंग देत होता. मी पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं एकेक कागद बघितला, नीट रचून परत आत घातला आणि स्क्रीन बंद केली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. खाली रिक्षा थांबवली तर काका चढेनात. माझा हात धरला. म्हणाले, जमीर, बुधवारी तू माझ्या शेजारी बस. काय दिसतंय ते हळू सांगत राहा. तिला ऐकू जाता कामा नये."

मी पाकीट पुन्हा हातात घेतलं.

"मी म्हटलं, काका, मॅडमना सांगा की सरळ. तर म्हणाले, पोरीनं सहा महिने रविवार बघितला नाही. आणि मी सांगू व्हय, मला दिसत न्हाई म्हणून?"

"मग घाई कशाची करत होते?"

"कडेकडेनं थोडं होतं ना. उजेड, अंधार, हललेलं. तेवढ्यात जाऊन यायचं होतं त्यांना."

"म्हणजे दाणे..."

"दाणे त्यांना काय दिसणार, मॅडम." तो हे फार हळू म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी मशीन थांबवून हलकं लावणार होतो. तुम्हाला न सांगता. माऊसवर हात होता माझा. पण तुम्ही ओरडाल म्हणून नाही लावलं. मलाही ते रोज आठवतं."

खाली कापडदुकानात कुणीतरी तागा उलगडल्याचा धप्प आवाज आला. मी आप्पांच्या खुर्चीत बसले.

"फिल्म लाव," मी म्हटलं.

त्यानं लावली. मी डोळे मिटून घेतले.

"आता सांग. त्यांना सांगणार होतास तसं."

"मॅडम..."

"सांग."

त्यानं आपली खुर्ची जवळ ओढली. घसा साफ केला. "आपण अंगणात उभे आहोत. मॅडम म्हणू का काका म्हणू?"

"काका म्हण."

"काका, समोर तीन पायऱ्या. दगडी. डाव्या हाताला कठडा आहे, धरून चला. वर व्हरांडा. ऊन उजवीकडून येतंय, सकाळचं आहे. आता दार. सागवानी. रेघा अशा दिसतात की हात लावावा वाटतो. दार आत उघडलं. बसायउठायचा सोपा. मोठा आहे हो. तुमच्या लेकीनं टीव्ही ठेवलेला नाही, तेवढं सोडलं तर झकास. भिंतीत कोनाडा आहे, कोनाड्यात काही नाही. उजवीकडं स्वयंपाकघर. ओट्यावर तांब्या. या तांब्याला मॅडमनी चार रविवार घालवलेत, मी साक्षीदार. मागच्या दारातून विहीर दिसते. आता वळलो. तुमची खोली. खाट, टेबल, टेबलावर तुमची आखायची टी-स्क्वेअर पट्टी. पुढं बोळ. जरा अंधार आहे, जपून. आणि बोळाच्या टोकाला एक खोली."

तो थांबला.

"इथं भरपूर उजेड आहे. एकच मोठी खिडकी. पण ही खिडकी फार खाली आहे, मॅडम. मी तेव्हाच विचारणार होतो. जमिनीपासून अठरा इंच? मला वाटलं नकाशा वाचायला चुकलात."

"चूक नाही," मी म्हटलं. "तिच्यात बसून वाचता यावं म्हणून. मी उंबऱ्यात बसून वाचायची. सगळ्यांच्या पायात यायची."

"म्हणजे ही खोली तुमची."

"हो."

"फिल्म संपली," जमीर म्हणाला. "खिडकीपाशी थांबलीय." मग त्यानं विचारलं, "घर बांधलं का नाही मग? तुम्ही नेहमी म्हणता, जमलं नाही."

मी डोळे उघडले. खिडकीच्या कट्ट्यावर ऊन पडलं होतं. एकही दाणा नव्हता.

"मी सतरा वर्षांची होते," मी म्हटलं. "आप्पांनी तीन महिने खपून नकाशा पुरा केला. शाई वाळू दिली. एका रविवारी जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर माझीच पुस्तकं ठेवली. म्हणाले, बघ. मला मैत्रिणीकडे जायचं होतं. मी उभ्या उभ्या बघितला आणि म्हटलं, एवढ्या लांब कोण राहणार? मी नाही येणार. तुम्ही राहा."

"मग?"

"बरं म्हणाले. गुंडाळून ठेवला."

"आणि ही खिडकी?"

"ती मला या जानेवारीत कळली. भिंत उचलताना. आधी मलाही चूकच वाटली. मग नकाशावर बघितलं, तर खिडकीला लागून पुस्तकाच्या फळीची रेघ होती. मी घरी गेले. आप्पा माझं ताट वाढत होते. मी जेवले आणि झोपले."

जमीरनं फिल्मचं शेवटचं चित्र पुन्हा एकदा बघितलं. "तुम्ही पूर्ण का लावलंत, मॅडम? खरं सांगा. त्या दिवशी उन्नीस-बीसनं काही बिघडत नव्हतं."

"त्यांनी ती खिडकी बघितली असती की मला काहीतरी बोलावं लागलं असतं," मी म्हटलं. "सहा दिवस मिळत होते."

तो उठला. दाराशी गेला आणि परत आला. "पुन्हा लावू?"

"लाव. आणि तू जा थोडा वेळ."

त्यानं फिल्म पहिल्यापासून लावली. तो जिना उतरून जाईपर्यंत व्हरांडा आला. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. कुजबुजलेही नाही. मोठ्यानं सांगत गेले. पायऱ्या सांगितल्या, कठडा, दार, ओटा, विहीर, त्यांच्या टेबलावरचा उजेड. बोळात जपून म्हटलं. मग खोली आली आणि कॅमेरा खिडकीपाशी जाऊन थांबला.

"आप्पा, ही माझी खोली," मी म्हटलं. "त्या दिवशी मी नकाशा बघितलाच नव्हता. नुसतीच नको म्हणाले. आता बघितला. मला इथं राहायचंय."